लिफ्ट ७५ ची, लिंक ६० नं लांब: उंच केलेल्या पिकअपच्या स्वे बारचं एक प्रकरण

गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तक्रार स्टिअरिंगची होती. चाकं बदलायला गाडी चेसिसवरून उचलली होती. खाली ठेवल्यावर स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरत होतं, पण उजवीकडे अर्ध्यात अडत होतं. जोर लावला की पुढे सरकायचं, आणि खालून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायचा. मालकांना वाटत होतं स्टिअरिंग बॉक्स गेला.

मी खाली वाकून पाहिलं. स्वे बारचा, म्हणजे वळणात गाडीला कलंडण्यापासून आवरणाऱ्या दांड्याचा, हात जवळजवळ सरळ जमिनीकडे तोंड करून उभा होता, त्या हाताला ॲक्सलशी जोडणारी लिंक आडवी पडली होती, आणि हाताचं टोक स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याला, टेकलं होतं. बार उलटला होता. अशी गाडी रस्त्यावर चालली असती तर वळणात काय झालं असतं, हे मालकांना सांगताना माझा आवाज चढला होता.

पुढे जे झालं त्यातली एक चूक माझी आहे. हे प्रकरण सविस्तर लिहायचं मुख्य कारण तीच.

गाडी कशी होती

पिकअप, पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा कणा), कॉइल स्प्रिंग, ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड. स्वे बार चेसिसला ॲक्सलच्या पुढे बांधलेला, त्याचे दोन्ही हात मागच्या दिशेला, आणि हातांच्या टोकांपासून खाली ॲक्सलच्या ब्रॅकेटपर्यंत दोन लिंक. वर्षभरापूर्वी गाडी उंच करणारं ७५ मिमीचं लिफ्ट किट बसवलं होतं: लांब स्प्रिंग, लांब शॉकॲब्सॉर्बर, बम्प स्टॉपखाली (ॲक्सलची वरची चाल थांबवणाऱ्या रबराखाली) ठोकळे. लिंक मात्र मूळच्याच ठेवल्या होत्या. किटमध्ये त्या नव्हत्याच, आणि बसवणाऱ्यानं विचारलंही नाही.

स्वे बार म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला स्प्रिंग पोलादाचा दांडा. दोन्ही चाकं एकदम वर किंवा खाली गेली तर तो आपल्या बुशांमध्ये (त्याला धरून ठेवणाऱ्या रबरी कड्यांमध्ये) नुसता फिरतो, विरोध करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की त्याला पीळ बसतो, आणि तो पीळच गाडीला वळणात कलंडण्यापासून आवरतो. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो: ३० मिमीऐवजी ३२ मिमीचा दांडा घेतला, तर २ मिमीच्या फरकानं सुमारे २९ टक्के जास्त ताठ. लिंकचं काम त्यामानानं साधं, चाकाची हालचाल दांड्याच्या हातापर्यंत पोचवायची. साधं आहे म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

या गाडीवर मी घेतलेली मापं अशी. बारच्या अक्षापासून लिंकच्या डोळ्यापर्यंत हाताची लांबी २५० मिमी. मूळ लिंक मध्य ते मध्य २१०. लिफ्टच्या आधी, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना, हात जवळपास आडवा आणि लिंक जवळपास उभी असावी. बुशांवरच्या जुन्या घासल्याच्या खुणांवरून ते स्पष्ट दिसत होतं.

बार उलटतो म्हणजे काय होतं

हे समजावायला मी प्लायवूडच्या तुकड्यावर एक खिळा ठोकला, २५० मिमीची एक पट्टी त्यावर फिरती बसवली, आणि तिच्या टोकाला २१० मिमीची दुसरी पट्टी जोडली. पहिली पट्टी म्हणजे बारचा हात, दुसरी म्हणजे लिंक. ॲक्सलची जागा पेन्सिलनं काढली: खिळ्यापासून २५० मिमी मागे आणि २१० मिमी खाली. आता ॲक्सल ७५ मिमी खाली न्यायचा, कारण लिफ्टनंतर चेसिसच्या हिशेबानं तो तेवढा खाली जातो. हात साडेसतरा अंश खाली झुकला. इथपर्यंत काही भयंकर दिसत नाही. गाडी उभी असताना बघणाऱ्याला वाटतं, थोडा तिरका झालाय, चालेल.

आता तिथून पुढे न्यायचं. नवे शॉकॲब्सॉर्बर राइड हाइटपासून (गाडी चाकांवर उभी असतानाच्या स्थितीपासून) आणखी १३० मिमी खाली जाऊ देतात. खिळ्यापासून ॲक्सलच्या त्या बिंदूपर्यंतचं सरळ अंतर भरतं सुमारे ४८५ मिमी. आणि हात अधिक लिंक यांची सगळी मिळून लांबी ४६०. म्हणजे लिंक तिथपर्यंत पोचतच नाही. राइड हाइटखाली १०१ मिमीवरच हात आणि लिंक एका सरळ रेषेत येतात आणि ताणून उभे राहतात. त्या क्षणी पुढचा अख्खा ॲक्सल, चाकांसकट, शॉकॲब्सॉर्बरवर नाही तर या दोन लिंकांवर लटकलेला असतो.

सरळ रेषेत आलेला सांधा परत येताना कुठल्याही बाजूला दुमडू शकतो, आपला गुडघा उलटा वाकावा तसा. गाडी चेसिसवरून उचलली, ॲक्सल लोंबकळला, खाली ठेवताना सांधा चुकीच्या बाजूला दुमडला. राइड हाइटला परत आल्यावर हात तब्बल ८० अंश खाली, लिंक आडवी, आणि समोर ड्रॅग लिंक. पट्ट्यांवर हे मी मालकांना स्वतःच्या हातानं करून पाहायला दिलं. त्यांनी दोनदा केलं, मग काही न बोलता गाडीखाली पुन्हा एकदा पाहून आले.

उलटण्याच्या आधीही ही रचना बरंच नुकसान करत असते, ते सहज दिसत नाही. बारचा पीळ लिंकमध्ये किती ओढ निर्माण करतो, हे बारच्या अक्षापासून लिंकच्या रेषेपर्यंतच्या लंब अंतरावर ठरतं. मूळ गाडीत हे अंतर २५० मिमी होतं. जुन्या लिंकनं राइड हाइटलाच ते २३४ वर आलं. चाकं ९० मिमी खाली लोंबल्यावर जेमतेम १०० उरतं. म्हणजे तेवढ्याच पिळासाठी लिंकवर अडीच पट ओढ. लिंकच्या टोकांचे बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या चेंडूचे सांधे), ब्रॅकेटचे वेल्ड, बारचे बुश सगळ्यांवर ती येते. खडबडीत वाटेवर ही गाडी पुढून धक्के देते, चाक खड्ड्यात उतरताना अडखळतं, अशी मालकांची जुनी तक्रार होती. दोष ते स्प्रिंगला देत होते.

माझी चूक

त्या दिवशी मी बार सुलटा करून दिला, दोन्ही लिंक काढून ठेवल्या, बारचे हात वर बांधले आणि सांगितलं की लांब लिंक होईपर्यंत गाडी हळू चालवा, वळणात सांभाळा. मालकांनी विचारलं, लिंक किती लांब करायची? मी म्हणालो, "जेवढी लिफ्ट तेवढी. ७५."

हा ठोकताळा सगळीकडे चालतो आणि बऱ्याचदा बरोबरही ठरतो. सॉलिड ॲक्सलवर चेसिस ७५ नं उचलली तर लिंकच्या दोन टोकांतलं अंतर ७५ नं वाढतं, मग लिंक तेवढीच लांब केली की हात पुन्हा आडवा. तर्कात खोट नाही. पण मी ते न मोजता सांगितलं होतं, आणि कशी लांब करायची याबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो.

मालकांनी सांगितलं तसंच केलं. मूळ लिंक मधोमध कापून, मध्ये ७५ मिमीचा सळईचा तुकडा घालून, वेल्ड करून घेतल्या. तीन आठवड्यांनी गाडी परत आली. आता बार उलटत नव्हता. पण दोन नवे आवाज होते. एक बारीक, सतत, खडीवरून चालताना "टक-टक". दुसरा जड, मोठ्या खळग्यात नाक आपटलं की एकच "धाड".

दोन आवाज, दोन कारणं

बारीक आवाजाचा शोध लवकर लागला. लिंक हातानं हलवली तर वरच्या बॉल जॉइंटमध्ये उघड खेळ होता. रबरी बूट (जॉइंटवरचं आवरण) सगळीकडून शाबूत, ग्रीस मात्र करपलेलं, तपकिरी. स्वे बारच्या बहुतेक लिंकमध्ये पोलादी चेंडू धातूवर बसत नाही. मधे पॉलीअसीटलसारख्या प्लास्टिकची वाटी असते. हे प्लास्टिक १६५ ते १७५ अंश सेल्सिअसला वितळतं. वेल्डिंगची जागा बॉल जॉइंटपासून चार बोटांवर. बाहेरून लोखंड लालही झालेलं दिसलं नसेल, पण वाटीला तेवढी उष्णता पुरते. वाटी मऊ झाली, चेंडूचा आकार तिच्यात पसरला, थंड झाल्यावर खेळ राहिला. जॉइंट बसवला त्या दिवसापासूनच खराब होता, आवाज यायला तीन आठवडे लागले एवढंच.

वेल्डही मनासारखा नव्हता. सळईची टोकं चपटीच होती, उतार न देता एकमेकांना भिडवून वरून फिरवलेला वेल्ड, म्हणजे मधला गाभा जोडलेलाच नाही. डाव्या लिंकवर वेल्डच्या कडेला नखानं जाणवेल अशी केसासारखी चीर होती. यात भार किती येतो ते ढोबळ काढून पाहिलं. ३२ मिमीचा दांडा, पिळाची लांबी ९०० मिमी, हात २५०. हाताच्या टोकाशी ताठपणा येतो मिलिमीटरला साधारण १४५ न्यूटन. हाताचं स्वतःचं वाकणं धरलं तर थोडा कमी. डाव्या-उजव्या टोकांत ३० मिमीचा फरक पडला तरी लिंकवर सुमारे ४ हजार न्यूटन, म्हणजे चारशे किलोच्या आसपास वजन. तेही कधी ओढ, कधी दाब, दर खड्ड्याला दिशा बदलून. चिरा वाढवायला यापेक्षा चांगली परिस्थिती नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण मालकांनी ती विचारली होती. लिंकला एक वेळ वेल्ड चालेल, जॉइंट बाजूला काढून आणि नीट केला तर. बारला कधीही नाही. तो उष्णता देऊन कमावलेला स्प्रिंग पोलादाचा दांडा आहे; वेल्ड किंवा गॅसचा जाळ लागला की त्या पट्ट्यातला कस जातो, आणि बार तिथेच तुटतो.

जड आवाज मला सतावत होता. गाडी सपाट जमिनीवर उभी, हात अगदी आडवा, लिंक ओळंब्यात. पुस्तकात दाखवावी तशी मांडणी. तरीही चेसिसच्या पुढच्या टोकाच्या खालच्या बाजूला, दोन्हीकडे, रंग उडून चकचकीत झालेला ठसा होता आणि बारच्या हाताच्या टोकावर त्याच मापाची घासलेली खूण. हात वर जाऊन चेसिसला आपटत होता.

तेव्हा मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं.

पूर्ण चाल मोजली

चेसिस दोन भक्कम घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) ठेवली, पुढच्या दोन्ही कॉइल स्प्रिंग काढल्या, लिंक सोडल्या, ॲक्सलखाली जॅक लावला. स्प्रिंग नसल्या की ॲक्सल जॅकच्या हातात असतो आणि सस्पेन्शनची सगळी चाल सावकाश, थांबत थांबत पाहता येते. घाई केली तर हीच स्थिती जीवघेणी ठरते; ॲक्सलखाली आधार असल्याशिवाय कुणीही आत हात घातला नाही.

राइड हाइटची जागा आधी खडूनं चेसिसवर उमटवून घेतली होती. तिथून खाली, शॉकॲब्सॉर्बर पूर्ण उघडेपर्यंत १३० मिमी. वर, बम्प स्टॉपचं रबर चांगलं दाबलं जाईपर्यंत ९० मिमी. आणि हात आडवा असताना त्याच्या टोकापासून चेसिसच्या खालच्या कडेपर्यंत मोकळी जागा ८६ मिमी.

सगळं प्रकरण या शेवटच्या दोन आकड्यांत होतं. २१० अधिक ७५, म्हणजे २८५ ची लिंक राइड हाइटला हात आडवा ठेवते. ॲक्सल ९० वर आला की हाताचं टोकही जवळपास ९० वर जातं. जागा ८६. आपटणारच. जुनी २१० ची लिंक होती तेव्हा हे घडलंच नाही, कारण तेव्हा हात आधीच खाली झुकलेला होता आणि वर जाण्यासाठी भरपूर जागा होती. म्हणजे मूळ लिंक खालच्या टोकाला गाडीला मारत होती, आणि माझ्या सल्ल्याची लिंक वरच्या टोकाला.

मालक म्हणाले, "मग बम्प स्टॉपखाली अजून एक ठोकळा घाला." ते करता आलं असतं. पण वरची चाल आधीच ९० वर आलेली, ती आणखी कापली तर दर खळग्यात गाडी रबरावर आपटेल. लिंकच्या चुकीची शिक्षा सस्पेन्शनला द्यायची नव्हती. दुसरा उपाय बारच चेसिसवरून खाली घेण्याचा, ठोकळे घालून. काही गाड्यांवर तो उत्तम बसतो, मूळ लिंकही वापरता येते. इथे बारच्या खाली ड्रॅग लिंक होती, आणि उजवीकडे पूर्ण वळवल्यावर मधलं अंतर आधीच कमी होतं. तो विचार तिथेच सोडला.

राहिला लांबीचाच प्रश्न, आणि तो आता दोन टोकांकडून सोडवायचा होता. वर किती जागा आहे, खाली सरळ रेषेपासून किती लांब राहायचं. प्लायवूडवर पट्टीला दर १० मिमीवर भोकं पाडली आणि एकेक लांबी लावून पाहिली, मग गणितानं ताडून घेतली.

२६० ची लिंक वर आरामात बसते, पण पूर्ण लोंबल्यावर हात आणि लिंक यांच्यातला कोन १४४ अंशांच्या आसपास जातो. सरळ रेषा म्हणजे १८०. अंतर आहे, पण बुश झिजले, ब्रॅकेट थोडं वाकलं, कुणी पुढे आणखी लांब शॉकॲब्सॉर्बर लावले, तर ते अंतर खाल्लं जातं. १४० च्या पुढे जायचं नाही, असं मी ठरवलं. ती माझी स्वतःची मर्यादा आहे, कुठल्या नियमात लिहिलेली नाही. २८५ ला खालचा कोन १३० अंश, सुंदर, पण वर आपटते. २७० ला खालचा कोन १३७ अंश. वर हाताचं टोक ७५ मिमी चढतं, म्हणजे ११ मिमी मोकळी जागा उरते. राइड हाइटला हात १५ मिमी खाली झुकलेला, साडेतीन अंशांच्या आत. डोळ्याला जेमतेम कळेल इतकाच.

म्हणून २७०. लिफ्ट ७५ ची आणि लिंक ६० नं लांब.

ज्यांच्या पुढच्या सस्पेन्शनला सॉलिड ॲक्सलऐवजी प्रत्येक चाकासाठी वेगळे खालचे आर्म आहेत, त्यांच्यासाठी हा ठोकताळा आणखी फसवा. तिथे लिंक बऱ्याचदा आर्मच्या मधे कुठेतरी बांधलेली असते. आर्मच्या आतल्या बिजागरीपासून चाकापर्यंतच्या अंतराच्या ६० टक्क्यांवर लिंक असेल, तर चाक ७५ खाली गेल्यावर लिंकचं टोक ४५ च जातं. तिथे ७५ नं लांब केलेली लिंक उघड जास्त झाली.

लिंक कशी केली

जुन्या कापलेल्या लिंक बाजूला टाकल्या. नवी रचना: जाड भिंतीची पोलादी नळी, एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, दोन्हीकडे आट्याचा दांडा असलेले सीलबंद बॉल जॉइंट आणि लांबी पक्की करणारे दोन चेकनट. नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर जातात, लिंक गाडीवर बसलेली असतानाच लांबी बदलता येते. वेल्ड कुठेही नाही. आट्यांचा दांडा १४ मिमीचा, तो नळीत किमान दीड व्यास, म्हणजे २१ मिमी, गेलाच पाहिजे. बाहेरून ते दिसत नाही, म्हणून नळीला त्या अंतरावर बारीक भोक पाडलं. भोकातून आटे दिसले तर पुरेसे आत आहेत.

मालकांना उघडे रॉड एंड हवे होते. दिसायला दणकट, स्पर्धेच्या गाड्यांवर असतात तसे. मी नको म्हणालो. ते जॉइंट अचूक असतात, पण त्यांच्यावर बूट नसतो. चिखल आणि रेती चेंडूभोवती गेली की काही महिन्यांत खेळ सुरू होतो. ज्याची गाडी दर शर्यतीनंतर उघडली जाते त्याला ते परवडतं. ही गाडी रोज कामाला जाते.

बॉल जॉइंट किती तिरका होऊ शकतो हेही टेबलावर धरून मोजलं: मधल्या स्थितीपासून प्रत्येक बाजूला साधारण २५ अंश. इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. जॉइंटचा स्टड आडवा, बारच्या अक्षाला समांतर असतो, त्यामुळे लिंकचं पुढे-मागे झुलणं म्हणजे स्टडभोवती नुसतं फिरणं. त्याला मर्यादा नाही. जॉइंट खर्ची पडतो तो लिंक डावी-उजवी कलल्यावर. आणि सॉलिड ॲक्सलवर ती कलते पॅनहार्ड रॉडमुळे. हा रॉड एका टोकाला चेसिसला, दुसऱ्या टोकाला ॲक्सलला. ॲक्सल खाली गेला की तो ॲक्सलला चेसिसच्या टोकाकडे ओढतो. या गाडीवर रॉड ८५० मिमीचा. लिफ्टनं ॲक्सल उभ्या गाडीतच जवळपास ९ मिमी बाजूला गेला होता, पूर्ण लोंबल्यावर ४० मिमी. २७० च्या लिंकवर त्याचे झाले साडेआठ अंश. त्यात एक चाक वर, एक खाली असताना ॲक्सल स्वतः कलतो तो कोन खालच्या जॉइंटला थेट मिळतो. आम्ही जॅक एका बाजूला लावून मोजला तेव्हा १२ अंश होता. बेरीज वीसच्या वर. पंचवीसात बसते, पण काठावर. पॅनहार्ड रॉड लांबी बदलता येणारा लावला, ॲक्सल राइड हाइटला मधोमध आणला, आणि लोंबतानाचे साडेआठचे पावणेसात झाले. मुळात तो रॉड लिफ्टबरोबरच बदलायला हवा होता.

बसवताना गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर, टाकीत नेहमीइतकं इंधन. उजवी लिंक २७० वर बसवून घट्ट केली. डावीची लांबी मोजून लावली नाही. नळी फिरवत फिरवत बोल्ट हातानं, टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) न रेटता, भोकात सरकेपर्यंत आणली. ती भरली २७२. चेसिस आणि ब्रॅकेट यांत दोन मिलिमीटरचा फरक कुठल्याही वापरलेल्या गाडीत असतो. दोन्ही लिंक जबरदस्तीनं सारख्या केल्या असत्या तर बारला कायमचा पीळ राहिला असता आणि गाडी एका बाजूला कललेली उभी राहिली असती. याच्या उलटही खरं आहे: स्प्रिंगमुळे गाडी कललेली असेल तर ती लिंकनं सरळ करू नये. बारचे रबरी बुशही याच स्थितीत, भार चाकांवर असतानाच आवळले. चेकनट आवळले, टॉर्क पान्ह्यानं बोल्ट तपासले, आणि प्रत्येक नटवरून नळीवर येईल अशी पांढऱ्या रंगाची रेघ ओढली.

बार काढूनच का टाकला नाही

हा प्रश्न मालकांनी तीनदा विचारला. बाहेर बार काढून फिरणारे पुष्कळ आहेत, आणि खडकांवर हळू चालताना बार सुटलेला असणं खरोखर फायद्याचं असतं: चाकं मोकळी हलतात, जमिनीवर जास्त टिकतात. म्हणूनच काही कंपन्यांनी कारखान्यातूनच तशी सोय दिली. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये २००७ पासून पुढचा बार बटणानं सुटतो, आणि २०२१ च्या फोर्ड ब्रॉन्कोच्या काही आवृत्त्यांमध्ये सस्पेन्शन तिरकं असतानाही तो सोडता-जोडता येतो. पण या सगळ्या गाड्या वेग वाढला की बार पुन्हा जोडतात. लिफ्टनं गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो, वळणात कलंडवणारा जोर वाढलेला असतो. नेमक्या त्याच गाडीवरून बार काढणं म्हणजे गरज वाढल्यावर आधार काढून घेणं. अचानक समोर काही आलं आणि स्टिअरिंग झटक्यानं फिरवावं लागलं, तर तिथे कौशल्य पुरत नाही. त्यांच्या घरातली माणसंही ही गाडी चालवतात, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं होतं. मग चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

खडकांसाठी वरच्या टोकाला पिन काढून सुटणारी लिंक करून देता येईल असं मी सांगितलं, एका अटीवर: सोडायच्या तर दोन्ही सोडायच्या आणि बारचे हात वर बांधायचे. एकच सोडली तरी बार निकामी होतो, पण मग दुसऱ्या लिंकबरोबर मोकळा हात वर-खाली झुलत राहतो आणि टायर किंवा ब्रेकची नळी गाठतो. त्यांनी तूर्तास नको म्हटलं.

तपासणी

ही शेवटची बसवणी करण्यापूर्वी, स्प्रिंग परत घालण्याआधीच, नव्या लिंक लावून ॲक्सल पुन्हा तळापासून वरपर्यंत फिरवला, आधी दोन्ही बाजू एकदम, मग उलटसुलट. प्रत्येक थांब्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेलं. ब्रेकची नळी, चाकाच्या सेन्सरची तार, ड्रॅग लिंक, कॉइल, टायरची आतली कड सगळं पाहिलं. खाली जाताना आधी शॉकॲब्सॉर्बर थांबतो, लिंकमध्ये तेव्हाही बोटानं हलेल इतकी ढील असते, हे मालकांना दाखवलं.

रस्त्यावर पहिला बदल त्यांनाच जाणवला: खड्ड्यात चाक उतरताना पूर्वी जे अडखळायचं ते गेलं. वळणात गाडी एकसारखी झुकते. जुन्या लिंकनं हे सारखेपण नव्हतं. लोंबणाऱ्या बाजूची लिंक भलत्या कोनात ओढायची आणि गाडी वळणाच्या मधेच अचानक आखडल्यासारखी वागायची.

माझा जीव मात्र त्या ११ मिलिमीटरमध्ये अडकला होता. कागदावरची जागा, तीही रबर किती दाबलं जाईल याच्या अंदाजावर. चेसिसच्या खालच्या बाजूला, जिथे जुने ठसे होते तिथेच, दोन्हीकडे मऊ मळलेल्या मातीचा अंगठ्याएवढा जाड गोळा चिकटवला आणि मालकांना सांगितलं की आठवडाभर नेहमीसारखी वापरा, नेहमीच्या वाईट वाटेनंही न्या, धुऊ नका.

आठवड्यानं गाडी आली. पांढऱ्या रेघा जागच्या जागी होत्या, एकही चेकनट हललेला नव्हता. बॉल जॉइंट कोरडे, खेळ नाही. माती दोन्हीकडे दाबली गेली होती, हाताच्या टोकाचा गोल ठसा स्वच्छ उमटला होता. सुरीनं कापून जाडी मोजली: उजवीकडे ९ मिमी, डावीकडे ८. माती खरवडून काढली, उघड्या पडलेल्या लोखंडाला रंग लावला आणि चेकनटांवरून पान्हा आणखी एकदा फिरवला.